दप्तरदार कोठून येतात?

गेल्या दिवाळीपूर्वीं एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. घर आवराआवरीच्या गडबडींत होतें. माळ्यावरची एक लांकडी पेटी खालीं उतरविलेली होती, आणि तिच्यांतून निघालेला, मूळचा तांबडा असावा परंतु आतां धड कोणत्याच रंगाचा न राहिलेला, एक रुमाल ओसरीवर पडला होता. आंत मोडी कागद होते. स्नेह्यांचे वडील नव्वदीच्या घरांतले. त्यांच्या लहानपणीं शाळेंत मोडी शिकवीत, त्यामुळें त्यांना तें अक्षर अजून लागतें. परंतु त्या दिवशीं वादाचा विषय रुमाल नव्हता. नात रसायनशास्त्र घेऊन एम्. एस्सी. झालेली. औषधांच्या कारखान्यांतील चालून आलेली नोकरी बाजूस सारून, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत दप्तरविद्येचा जो वर्षाचा अभ्यासक्रम असतो त्यासाठीं अर्ज करण्याचा मनसुबा तिनें घरांत जाहीर केला होता, आणि आजोबांस तो मुळींच पसंत नव्हता.

"एवढी शिकलीस ती काय शेवटीं रुमाल झटकीत बसण्यासाठीं? आणि दप्तर संभाळायचेंच, तर इतिहास शिकलेल्यानें संभाळावें. तुझ्या परीक्षानळीचें तेथें काय काम?" असें म्हणून ते माझ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा हिला."

मला ऐन वेळीं कांहींच सुचलें नाहीं. चहा घेऊन मी घरीं आलों. परंतु प्रश्न डोक्यांतून जाईना, म्हणून पुढें जें वाचलें व विचारांत आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

पहिली गोष्ट ही कीं, दप्तराचे राखणदार म्हणून ज्यांचीं नांवें मागें राहिलीं, त्यांतील बहुतेकांस ही विद्या कोणीं शिकविलेली नव्हती. ते दुसऱ्याच वाटेनें चालले असतां मध्येंच दप्तरखान्याचा दरवाजा लागला आणि ते आंत शिरले. पोर्तुगीज राजाच्या हुकुमानें सन १५९५ मध्यें गोव्यास दप्तरखाना स्थापन झाला, तेव्हां त्याच्या किल्ल्या दियोगो दो कोउतो याच्या हातीं आल्या. हा गृहस्थ हिंदुस्थानांत आला होता तो शिपाईगिरी करण्यासाठीं. कवि कामोंइश याचा तो मित्र. तलवार खालीं ठेवल्यावर तो कागदांकडे वळला आणि पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याचा इतिहास लिहूं लागला. त्याच दप्तरखान्याचें प्रमुखपद पुढें सन १९३१ मध्यें पांडुरंग पिसुर्लेकर या पिसुर्ल्याच्या गोमंतकीयाकडे आलें, आणि पोर्तुगीज व मराठे यांच्या संबंधांविषयीं आपणांस आज जें ठाऊक आहे त्यांतील बराच भाग त्यांच्या परिश्रमाचें फळ आहे.

जुनें लेखपत्र खरें कीं बनावट हें ठरविण्याचें शास्त्र ज्यानें सन १६८१ मध्यें पहिल्यानें नीट मांडलें, तो माबियों हा शेतकऱ्याच्या घरीं जन्मून पुढें मठवासी झालेला फ्रेंच साधु होता. आपल्याकडे पाहावें तर वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवीत. शिकवितां शिकवितां पटवर्धनांच्या दप्तरांत शिरले व 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढूं लागले. पानिपतच्या मोहिमेचीं पत्रें वाईस हातीं लागलीं आणि सन १८९८ मध्यें राजवाड्यांचा पहिला खंड निघाला. ते कोणत्याहि दप्तरखान्याचे नोकर नव्हते. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग सन १९३० ते १९३४ या अवधींत काढणारे गोविंदराव सरदेसाई यांचें आयुष्य बडोद्यास राजपुत्रांना शिकविण्यांत गेलेलें, आणि त्या कामीं त्यांचे पाठीराखे यदुनाथ सरकार हे मूळचे इंग्रजी वाङ्मयाचे एम्. ए.! दिल्लीच्या दप्तरखान्याची सूत्रें सन १९३९ मध्यें ज्यांच्याकडे गेलीं ते सुरेंद्रनाथ सेन बंगाली असून मराठ्यांच्या राज्यकारभारावर ग्रंथ लिहून बसले होते. तेव्हां 'ज्याचें काम त्यानें करावें' हा आजोबांचा न्याय या प्रांतांत कधींच लागू नव्हता.

पण मग शिक्षण हवेंच कशाला? शिपाई, शास्त्री व साधु यांचें ज्याशिवाय चाललें, तें आजच्या पदवीधरांनीं पुन्हा शाळेंत बसून कां शिकावें?

याचें उत्तर मला एका जुन्या चुकीमुळें मिळालें. ती माझीच आहे, म्हणून सांगण्यास संकोच नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या घरचा एक रुमाल माझ्या हातीं आला. मला तेव्हां व्यवस्थेची मोठी हौस होती. मीं सारे कागद सुटे केले, ज्यांवर वर्ष सांपडलें ते वर्षवार लावले, कर्जाचे एकीकडे, वतनाचे एकीकडे, लग्नकार्याचे तिसरीकडे असे गठ्ठे बांधले आणि स्वतःवर खूष झालों. पुढें एका जाणत्या गृहस्थांस ते दाखविले. त्यांनीं एक कागद उचलला. "सदरहू ऐवज सदरहू इसमास पावता झाला," एवढाच मजकूर. त्यांनीं विचारलें, "कोणता ऐवज? कोणता इसम? याच्या वर कोणता कागद होता?" मला सांगतां येईना. दुसऱ्या कागदावर मुसलमानी महिन्याचा चंद्र होता, परंतु साल नव्हतें. जुन्या मराठी पत्रांत हें नेहमींचेंच. साल लिहिणारासहि ठाऊक व वाचणारासहि ठाऊक, मग तें लिहावें कशाला? अशा पत्राचें वर्ष त्याच्या शेजारच्या कागदावरून निघतें, आणि शेजार तर मीं मोडून टाकला होता. अज्ञानानें केलेली अव्यवस्था एक वेळ निस्तरतां येते. माझी व्यवस्था निस्तरली नाहीं.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर फ्रान्समध्यें झाली. राज्यक्रांतीनंतर तेथील राष्ट्रीय दप्तर प्रथम कामू नांवाच्या वकिलाच्या हातीं आलें. जुन्या सनदा निवडण्यासाठीं एक कचेरी नेमण्यांत आली. राष्ट्राच्या मालमत्तेचे कागद ठेवावे, इतिहासाच्या उपयोगाचे ठेवावे, सरंजामशाहीचे म्हणून जे असतील ते नष्ट करावे, असें तिचें धोरण. कायदेपंडितांस शोभण्यासारखेंच तें होतें. सन १८०४ मध्यें त्याच्या जागीं दोनू आला. हा पूर्वाश्रमींचा धर्मोपदेशक व पुढें ग्रंथपाल. त्यानें दप्तर म्हणजे जणुं ग्रंथसंग्रह असें समजून अक्षरवार वर्ग पाडले आणि निरनिराळ्या कचेऱ्यांचे कागद विषयवारीनें एकत्र घातले. दोघेहि विद्वान् व प्रामाणिक होते. परंतु ज्या त्या माणसाचा पूर्वीचा पेशा त्याच्या हातून दप्तरावर उमटला, आणि तो ठसा पुसणें पुढच्यांस जड गेलें. शेवटीं सन १८४१ मध्यें तेथील प्रांतिक दप्तरांसाठीं नियम निघाला, कीं ज्या कचेरीकडून किंवा घराण्याकडून जे कागद आले ते एकत्र राखावे व त्यांत परके मिसळूं नयेत. सन १८९८ मध्यें तिघां डच दप्तरदारांनीं शंभर कलमांचें एक पुस्तक लिहून याच्या पुढचा नियम घालून दिला; तो असा कीं, त्या कचेरीनें आपल्या कामाच्या ओघांत कागद ज्या क्रमानें लावले होते तो क्रमहि शक्य तोंवर मोडूं नये. दप्तरविद्येचा पाया तो हाच. या शिक्षणांत जें शिकावयाचें त्यांतील अर्धें तरी हात आवरण्याचें आहे.

पॅरिसची 'एकोल दे शार्त' ही या विद्येची जुनी पाठशाळा. अठराव्या लुईनें सन १८२१ मध्यें ती स्थापिली तेव्हां विद्यार्थी बारा. लौकरच ती ओस पडली व सन १८२९ मध्यें पुन्हा उभी राहिली. लॅटिन, जुनी फ्रेंच, जुन्या अक्षरांचे वळण, लेखपत्रांची परीक्षा, कायद्याचा इतिहास, असा तेथील कडक अभ्यास. प्रवेशपरीक्षा अवघड, आणि शेवटीं प्रबंध. तेथें येणारे तरुण सगळे दप्तरदार होण्यासाठींच येत असें मात्र नाहीं. रोजे मार्तां द्यु गार यानें जुमियेजच्या पडक्या मठावर प्रबंध लिहून तेथील पदवी घेतली आणि पुढें कादंबऱ्या लिहून सन १९३७ मध्यें नोबेल पारितोषिक मिळविलें. फ्रान्स्वा मोरियाक तेथें सन १९०८ मध्यें दाखल झाला व थोड्याच महिन्यांत कंटाळून निघून गेला. पारितोषिक त्यालाहि सन १९५२ मध्यें मिळालेंच. तेव्हां या शाळेंत टिकणाऱ्यांस व पळणाऱ्यांस यश सारखेंच येतें असें कोणी म्हटल्यास माझ्यापाशीं उत्तर नाहीं. परंतु मार्तां द्यु गारच्या कादंबऱ्यांत बारीकसारीक गोष्टींविषयीं जी काटेकोर चौकशी दिसते ती त्या पाठशाळेंतून आली, असें मानण्यास जागा आहे.

इंग्लंडांत हिलरी जेंकिन्सन हा ग्रीक-लॅटिनचा पदवीधर सन १९०६ मध्यें लंडनच्या सरकारी दप्तरांत शिरला, सन १९२२ मध्यें त्यानें या विद्येवर पुस्तक लिहिलें, आणि सन १९४७ मध्यें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत पदवीधरांसाठीं अभ्यासक्रम निघाला तेव्हां हा एक नवा पेशा जन्मास येत आहे, असें त्यानें बजावून सांगितलें. अमेरिकेंतील आरंभ अधिक मनास लागणारा आहे. प्रशियाच्या सरकारी दप्तरांत मुरलेला एर्न्स्ट पोझ्नर हा केवळ यहुदी वंशाचा म्हणून नाझींनीं नोकरींतून काढला; सन १९३८ च्या अखेरीस त्याला बंदिवासहि भोगावा लागला. सन १९३९ मध्यें तो अमेरिकेस पोहोंचला आणि वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटींत त्याच साली सुरू झालेल्या दप्तरविद्येच्या वर्गांत शिकवूं लागला. ज्या सरकारनें त्याची सर्व विद्या कवडीमोल ठरविली, त्याच सरकारच्या दप्तरखान्यांतील शिस्त त्यानें परदेशच्या पदवीधरांस दिली.

आज अमेरिकेंत या पेशाकडे जाणारे बहुधा दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतात. कोणी ग्रंथालयशास्त्राची, कोणी इतिहासाची. सन २००४ मध्यें तेथील दप्तरदारांची जी पाहणी झाली तींत, अनेकजण प्रथम दुसरा व्यवसाय करून मग इकडे वळलेले दिसले, आणि सुमारें दोन तृतीयांश स्त्रिया होत्या. कृष्णवर्णीयांची संख्या मात्र अगदींच थोडी भरली, आणि ही उणीव त्या पेशांतील लोकांनींच बोलून दाखविली आहे.

आपल्या दिल्लीची संस्था सन १९७६ मध्यें निघाली; सन १९८० पासून तिचें नांव 'स्कूल ऑफ आर्कायव्हल स्टडीज' असें झालें. आधुनिक हिंदुस्थानचा इतिहास घेतलेल्या एम्. ए. ला तेथें मान असला तरी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र व भौतिक शास्त्रें यांच्या पदवीधरांसहि दार उघडें ठेवण्यांत आलें. स्नेह्यांच्या मुलीचा मनसुबा त्यामुळें कांहीं तऱ्हेवाईक नव्हे.

आतां परीक्षानळीचें काम. पेशवाईंतील कागद बहुतेक हातानें केलेला, चिंध्यांच्या व तागाच्या लगद्याचा; जुन्नर व दौलताबाद येथील कागदाची त्या काळीं ख्याति होती. शाई काजळाची. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. तो उडत नाहीं आणि कागदास खातहि नाहीं. पाणी लागलें तर पसरेल, एवढेंच. याच्या उलट युरोपांत शतकानुशतकें मायफळ व हिराकस यांची शाई चालली. ती आम्ल असते, आणि कांहीं ठिकाणीं तिनें अक्षराच्या रेघेपुरता कागद जाळून चाळण केलेली आढळते. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लांकडाच्या भुशाचा स्वस्त कागद आला. त्यांतील द्रव्यें उजेडानें पिवळीं पडतात व आम्ल सुटून कागद कुडकुडीत होतो. म्हणूनच दोनशें वर्षांपूर्वींचें खत हातांत निर्धास्त धरतां येतें आणि ऐंशी वर्षांपूर्वींचें वर्तमानपत्र घडीवर तुटतें. हें ज्याला कळत नाहीं तो जुनें म्हणून एकाची काळजी घेईल व दुसऱ्यास मरूं देईल. फाटक्या कागदास दोन्ही बाजूंनीं पातळ पारदर्शक पत्रा व झिरझिरीत कागद लावून तो ॲसिटोननें चिकटविण्याची एक रीत, महागडें यंत्र न घेतां करतां येण्यासारखी, दिल्लीच्या अभिलेखागारांतच बसविण्यांत आली. आणि पुढें अशा लेपाचेच तोटे कोणते हेंहि रसायनशास्त्रज्ञांनींच दाखविलें. नुसता इतिहासाचा पंडित हें काम कसें करणार?

कायदा शिकलेल्याचा उपयोग सांगावयास नकोच. कोणता कागद कोणास केव्हां दाखवावा, रुग्णालयांतील केसपेपर किती वर्षें झांकून ठेवावा, हे त्याचे प्रश्न. संगणकाच्या जाणकारावांचून तर यापुढें गति नाहीं. वीस वर्षांपूर्वींच्या तबकडीवरील सरकारी टिपण आज वाचण्यास यंत्रच मिळत नाहीं, आणि मोडीपेक्षां हें दुर्बोध आहे.

परंतु माणसें निरनिराळ्या घरांतून व निरनिराळ्या विद्यांतून यावींत याचें खरें कारण मला दुसरेंच वाटतें. जेंकिन्सनचें मत असें होतें कीं, दप्तरदारानें निवड करूंच नये. जें सोंपविलें तें निष्ठेनें राखावें. पेशव्यांच्या दप्तरास तें ठीक. पण आजचें एक खातें वर्षाला जो कागद निर्माण करितें तो सारा ठेवावयाचा म्हटल्यास खात्यालाच बाहेर बसावें लागेल. म्हणून शेलेनबर्ग या अमेरिकन दप्तरदारानें सन १९५६ मध्यें स्पष्ट लिहिलें कीं, कायमचें काय ठेवावें याचा निर्णय दप्तरदारासहि करावा लागेल. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या कागदांपैकीं शेंकडा एक ते तीनच कायम राहतात. बाकीचे सत्याण्णव जातात. कोणाचें ठेवावें हें ठरविणाऱ्या मेजाभोंवतीं सगळे एकाच शाळेचे व एकाच आळींतले असले, तर त्यांस स्वाभाविकपणें आपल्यासारख्यांचेच कागद महत्त्वाचे वाटतील. त्यांत लबाडी असण्याची जरूर नाहीं.

आपल्या पेशवे दप्तराकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे थोडें ओशाळल्यासारखें होतें. हजारों रुमाल आहेत. रोजकीर्दी आहेत, प्रांतवार हिशेब आहेत. लेखणी बहुतांशीं आमच्यासारख्यांच्या पूर्वजांची. कुणबिणीच्या खरेदीची रक्कम त्यांत मांडलेली सांपडते. ती स्वतः काय म्हणाली तें सांपडत नाहीं. कारकुनानें तें टाकलें असें नव्हे. तें लिहिण्यासारखें आहे हेंच त्याच्या मनांत आलें नसावें.

आणि या कागदांचें वजन कांहीं संपलेलें नाहीं. इनाम कमिशननें सन १८५२ च्या कायद्यान्वयें घरोघरच्या सनदा तपासल्या तेव्हां याच दप्तराच्या आधारें कोणाचें इनाम राहिलें, कोणाचें गेलें. पुण्यांतील त्या दगडी इमारतीस जुने लोक 'एलिएनेशन ऑफिस' म्हणत तें त्यामुळेंच. आणि सन २०२३ मध्यें कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ति शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणाऱ्यांची एकाएकीं शोधाशोध झाली. ज्या अक्षरास शाळांनीं अर्ध्या शतकापूर्वींच निरोप दिला होता, त्याच्यावर कित्येक कुटुंबांच्या मुलांचें शिक्षण व नोकरी येऊन ठेपली. अशा वेळीं मोडी वाचणारा एकाच समाजांतला असणें कोणाच्याच हिताचें नाहीं. ज्यांचा कागद आहे त्यांच्याहि मुलांना तो वाचतां आला पाहिजे. सरकारच्या पुराभिलेख खात्याकडून मोडीचे वर्ग चालविले जातात. त्यांत आपल्या घरचीं मुलें जातील तितकें बरेंच, परंतु शेजारच्या बांकावर कोण बसलें आहे हेंहि त्यांनीं पाहावें.

हें सारें मनांत जुळवून पंधरा दिवसांनीं मी पुन्हा स्नेह्यांकडे गेलों. माझें व्याख्यान ऐकण्याची कोणास फुरसत नव्हती. आजोबा चष्मा लावून ओसरीवर बसले होते, समोर तोच रुमाल, आणि नात शेजारीं वही घेऊन. त्यांनीं गांठीस हात घातला. "आजोबा, थांबा जरा," ती म्हणाली, "मागच्या वेळीं वरचे दोन कागद काढले होते ते कोणत्या बाजूनें ठेवले होते तें आधीं लिहून घेतें. सोडल्यावर प्रत्येकाच्या पाठीवर नको, वेगळ्या चिठ्ठीवर आंकडा घालूं, शिसपेन्सिलीनें." आजोबांनीं हात मागें घेतला. "शाईनें कां नको?" त्यांनीं विचारलें. तिनें तें सांगण्यास आरंभ केला, आणि मी चपला काढून खालीं बसलों.